रिमची रुंदी आणि ऑफसेट: टायर घासतो तो कोणामुळे?

टोयोटा ८६ या स्पोर्ट्स कारची कंपनीची १७ इंची रिम ७ इंच रुंद आहे आणि तिचा ऑफसेट ४८. गाडी कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकचा जोड) लावून खाली घेतली की मालकाला ही रिम मडगार्डच्या आत लपल्यासारखी वाटू लागते आणि नव्या रिमचा शोध सुरू होतो. मग दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो ‘रुंद रिम घे, चाक बाहेर येईल’, दुसरा म्हणतो ‘कमी ऑफसेटची घे, चाक बाहेर येईल’. दोघंही खरं बोलतात, आणि म्हणूनच पुढचा घोळ होतो. बाहेर किती आलं हे सगळे बघतात. आत काय झालं ते पहिल्या मोठ्या वळणावर कळतं.

ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून जाणारी रेषा आणि हबला (चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या भागाला) टेकणारा सपाट भाग यांच्यातलं अंतर, मिलिमीटरमध्ये. तो ४८ आहे म्हणजे टेकणारा भाग मध्यरेषेपेक्षा ४८ मिमी बाहेरच्या अंगाला आहे. आकडा जितका कमी, तितकी अख्खी रिम बाहेर. रुंदीचं तसं नाही. ती मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी वाढते. खोलीतला पलंग रुंद करणं वेगळं आणि आहे तोच पलंग दाराकडे सरकवणं वेगळं.

आता हिशेब. ७ ऐवजी ९ इंची रिम घेतली आणि ऑफसेट ४८ च ठेवला, तर २ इंच म्हणजे ५०.८ मिमी वाढले, त्यातले २५.४ बाहेर गेले आणि २५.४ आत. बाहेरून गाडी छान दिसते, पण आत सस्पेन्शनच्या नळकांड्याची, म्हणजे स्ट्रटची जागा संपत येते. तीच ९ इंची रिम ३८ ऑफसेटची घेतली तर आतली वाढ १५.४ वर येते आणि बाहेरची ३५.४ वर जाते. उलट ७ इंची रिमच ठेवून फक्त ऑफसेट ३८ केला, तर बाहेर १० मिमी मिळतात आणि आत १० मिमी मोकळे होतात. १० मिमीचा स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामधली चकती, घालणं म्हणजे नेमकं हेच. त्यासाठी नवी रिम घ्यायची गरज नाही, फक्त बोल्टला नटची पुरेशी पकड राहिली पाहिजे.

टायरचाही वाटा धरायला हवा. या गाडीचा मूळ टायर २१५/४५ आर १७. ९ इंची रिमवर लोक साधारण २४५/४० आर १७ घालतात, व्यास जवळपास तोच राहतो, अडीच मिमीचाच फरक. पण टायरवर छापलेली २४५ ही रुंदी ठरावीक मापाच्या रिमवरची असते. रिम अर्धा इंच रुंद झाली की तोच टायर साधारण ५ मिमी फुगतो. कागदावर ५ मिमी फट शिल्लक असेल तर ती खरी धरू नका.

गाडी खाली घेतल्याने यातलं काय बदलतं? पुढच्या बाजूला इथे मॅकफर्सन स्ट्रट आहे. स्ट्रट खाली नकलला, म्हणजे हब धरून ठेवणाऱ्या तुकड्याला, बोल्टने जखडलेला असतो आणि चाकही त्याच नकलवर. त्यामुळे बॉडी दोन इंच खाली आली तरी टायर आणि स्ट्रट यांच्यातली फट जशीच्या तशी राहते. टायर स्ट्रटला घासला की सगळा दोष गाडी खाली घेतल्यावर जातो, तो तितका खरा नाही. जबाबदार असते रुंदी, जास्त ऑफसेट, किंवा नव्या कॉइलओव्हरची स्प्रिंगची वाटी, जी कधी कधी मूळ स्ट्रटपेक्षा टायरच्या जवळ येते.

यात एक बारीक गोष्ट आहे. चाकाचं डोकं आत झुकवायचे, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर वाढवायचे, दोन रस्ते आहेत. स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट घातला, तर चाक स्ट्रटच्या दिशेने झुकतं आणि आधीच अपुरी असलेली आतली फट आणखी खाल्ली जाते. वर बॉनेटखाली कॅम्बर प्लेट बसवली, तर स्ट्रट आणि चाक दोन्ही एकत्र झुकतात आणि फट तशीच राहते. ४८ ऑफसेटची रुंद रिम गळ्यात पडली असेल तर मी दुसराच रस्ता धरेन, खर्च जास्त असला तरी.

बाहेरच्या बाजूला मात्र खाली घेण्याचा परिणाम थेट होतो. टायर मडगार्डच्या कडेपाशी आधीच पोचलेला असतो. मागे डबल विशबोन (वर-खाली दोन आडव्या दांड्यांचं सस्पेन्शन) असल्याने चाक वर जाताना डोकं आत घेतं, म्हणून मागे थोडी सूट मिळते. तरीही मागच्या मडगार्डची आत दुमडलेली पत्र्याची कड टायर कापू शकते. ती रोलरने वर दाबताना रंग हीट गनने गरम केला नाही तर रंगाला तडे जातात आणि तिथूनच गंज धरतो.

रुंदी आणि ऑफसेट या दोघांतला आणखी एक फरक दिसत नाही, हाताला कळतो. ऑफसेट तोच ठेवून रुंदी वाढवली तर टायरची मध्यरेषा जागेवर राहते. ऑफसेट बदलला की ती सरकते, त्याबरोबर स्क्रब रेडियसही, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो जमिनीला टेकतो ती जागा आणि टायरची मध्यरेषा यांच्यातलं अंतरही, बदलतो. खराब रस्त्यावर आणि एका चाकाला ब्रेक जास्त लागला तर स्टिअरिंग ओढ घेतं. १० मिमीपर्यंत बहुतेकांना जाणवत नाही. २५-३० ला जाणवतं.

मोजायचं तर स्प्रिंग काढून, चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत (सस्पेन्शनची वरची हद्द ठरवणाऱ्या रबरापर्यंत) वर नेऊन, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून मोजा. सपाट जमिनीवर उभ्या गाडीत बोट घालून काहीच कळत नाही. गाडीच्या मायदेशी, जपानमध्ये, तपासणीत टायर आणि रिम यांच्यातला फरक आडवा येतो: २०१७ पासून टायरचा फुगवटा १० मिमीच्या आत बाहेर आलेला चालतो, रिम बाहेर आलेली चालत नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करण्याआधी ते वाचून घ्या.