दारूची वयं तीन, गाडीचा कायदा एक: बेळगाव सीमाभागाची पार्श्वभूमी

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघालं की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. चोर्ला घाट उतरलं की गोवा. दारू घेण्याचं किमान वय गोव्यात १८, कर्नाटकात २१. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५. आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांना हे आकडे पाठ असतात. ते असे वेगवेगळे का झाले, हे मात्र घरात कुणी सांगत नाही.

१९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन इथेच भरलं. त्या पिढीला दारूबंदी हा स्वराज्याचाच भाग वाटायचा. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा त्याच विचारातून आला आणि आपल्या जिल्ह्यालाही लागू झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला, फक्त चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. पुढे म्हैसूरने १९६५ चा अबकारी कायदा करून परवान्याने विक्रीची वाट धरली. महाराष्ट्राने जुना दारूबंदी कायदाच ठेवला. म्हणून आजही चंदगडात परवान्याशिवाय पिणारा स्वतःच गुन्हेगार ठरतो. बेळगावात मात्र कमी वयाच्या पोराला बाटली दिली तर कायद्याचा रोख विकणाऱ्यावर असतो. खात्याचं नावसुद्धा वेगळं: आपल्याकडे अबकारी, पलीकडे राज्य उत्पादन शुल्क.

कर्नाटकातला २१ चा आकडाही सरळ नाही. मूळ कायद्यात १८ आहे, १९६७ च्या नियमांत २१. हा मेळ घालायचा म्हणून नियमातलं वय १८ वर आणण्याचा मसुदा निघाला होता. विरोध झाल्यावर जानेवारी २०२३ मध्ये सरकारने तो मागे घेतला. माझ्या मते ते बरंच झालं.

गाडीचा कायदा मात्र केंद्राचा, तिन्ही राज्यांत सारखाच. १९३९ च्या मूळ मोटार कायद्यात चालकाचा गाडीवरचा ताबा सुटण्याइतकी नशा आहे का, हे बघत. म्हणजे वास, चाल, डोळे आणि डॉक्टरांचं मत. वाद घालायला भरपूर जागा. आताच्या १९८८ च्या कायद्यातलं कलम १८५ मोजमाप मागतं. १९९४ च्या दुरुस्तीनंतर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की गुन्हा, मग गाडी कितीही नीट चालवलेली असो. मशीनमध्ये फुंकायला लावतात ते यासाठीच. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. ‘तिथल्या तिथे पावती फाडून सुटू’ हा समज खोटा आहे. हा गुन्हा पोलिसांना रस्त्यावर मिटवता येत नाही, कोर्टातच जावं लागतं. लायसन्सवर गदा येते ती वेगळीच.

कुणाचा जीव गेला तर सगळंच बदलतं. मुंबईत २००६ साली फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम ठेवली. नुसता निष्काळजीपणा एवढ्यावर तो खटला थांबला नाही. आता भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाच्या मृत्यूलाही ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

१८ च्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, म्हणून घरच्यांना वाटतं की सुटलो. तसं नाही. हळदीच्या रात्री १६ वर्षांच्या पुतण्याच्या हातात बिअर देणाऱ्या काकाला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. लायसन्स नसलेल्या त्याच पोराला बुलेटची चावी देणाऱ्या बापाला किंवा गाडीच्या मालकाला, आपल्याला माहीतच नव्हतं हे सिद्ध करता आलं नाही तर, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. शिवाय लायसन्स नसलेला चालक असला की विमा कंपनी जखमींना भरपाई देते आणि तीच रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. निपाणी किंवा खानापूरच्या शेतकऱ्याकडे एवढा पैसा रोख नसतो. असते ती जमीन.