इंजिन मोठं, रूळ अरुंद : ब्रिटिश मॉडेल रेल्वेमागची जुनी भानगड

फ्लाइंग स्कॉट्समन या प्रसिद्ध ब्रिटिश वाफेच्या इंजिनाचं ओओ गेजमधलं (मॉडेल रेल्वेचं एक ठरलेलं माप) चांगलं महागडं मॉडेल घ्या आणि डोळा रुळाच्या लेव्हलला आणून समोरून बघा. बॉयलर बरोबर, धुराडं बरोबर, रिव्हेट पण मोजता येतील इतके बरोबर, पण चाकं मात्र एकदम आत आत, धिप्पाड माणूस पाय जवळ घेऊन उभा राहावा तशी. ही फॅक्टरीची चूक नाहीये. ही तडजोड आहे शंभर वर्षांपूर्वीची, आणि ब्रिटिश वाफेच्या इंजिनांची बहुतेक रेडीमेड मॉडेल्स आजही तिच्यावरच धावतात.

आधी हिशोब सांगतो. ओओ म्हणजे खऱ्या एका फुटाला ४ मिमी, साधारण १:७६. खऱ्या ब्रिटिश रुळांमधलं अंतर ४ फूट साडेआठ इंच म्हणजे १४३५ मिमी, ते या स्केलला १८.८३ मिमी यायला पाहिजे. प्रत्यक्षात ट्रॅक असतो १६.५ मिमीचा. म्हणजे इंजिन एका मापाचं आणि रूळ दुसऱ्याच मापाचा, त्या १६.५ ला ४ च्या स्केलने उलटं मोजलं तर गाडी जेमतेम ४ फूट दीड इंचाच्या नॅरोगेजवर चाललीये असं उत्तर येतं.

असं का झालं? १९२० च्या सुमाराला घरातली खेळण्यातली रेल्वे म्हणजे मुख्यतः ओ गेज, ३२ मिमीचा ट्रॅक, आणि तो मांडायला मोठी खोली लागायची. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनची बॅसेट-लोक ही मॉडेल कंपनी आणि जर्मनीत न्युरेंबर्गची बिंग कंपनी यांचा धंदा आधीपासून एकत्र होता, त्यांनी १९२२ मध्ये टेबलावर मावेल अशी साधारण निम्म्या मापाची रेल्वे आणली. निम्मं माप धरलं की फुटाला साडेतीन मिमी होतात, तेच एचओ नावाचं माप, आणि बाकी युरोप आणि अमेरिका शेवटी त्यावरच स्थिरावले. ब्रिटनचं घोडं मात्र अडलं. तिथले बोगदे, पूल, प्लॅटफॉर्म फार सुरुवातीला बांधलेले म्हणून तंग, त्यामुळे खरी इंजिनंच युरोपातल्या इंजिनांपेक्षा बारीक आणि बुटकी. ती साडेतीन मिमीने लहान केली की आत त्या काळची मोटर किंवा चावीचं यंत्र मावेना. मग साधा उपाय काढला, वरचं इंजिन ४ मिमीने करायचं आणि खालचा ट्रॅक आहे तोच ठेवायचा. झालं!

१९३८ मध्ये लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने, म्हणजे फ्रँक हॉर्नबीच्या कंपनीने (तो स्वतः १९३६ लाच गेला होता), हॉर्नबी डब्लो ही ओओ रेल्वे काढली आणि त्यात धातूत ओतलेलं 'सर नायजेल ग्रेस्ली' हे ए फोर क्लासचं इंजिन होतं. त्याच वर्षी ३ जुलैला याच क्लासच्या मॅलार्ड या खऱ्या इंजिनाने ताशी १२६ मैल वेगाचा विक्रम केला, असा योग कुठल्या जाहिरातवाल्याला जुळवता आला असता! डब्लो इतकी चालली की अरुंद रूळ पक्काच झाला, कारण घरोघरी ट्रॅक आणि डबे जमलेले असताना माप बदलायचं कुणाच्या पैशाने?

आणि नुसती आतल्या मोटरचीच अडचण असती तर ती पुढे सुटली असती, कारण मोटरी लहान झाल्या. पण घरातली वळणं बघा ना. हॉर्नबीच्या 'सेकंड रेडियस' नावाच्या वळणाची त्रिज्या ४३८ मिमी, खऱ्या मापात ती तेहतीस-चौतीस मीटर होते, असल्या वळणावर खरं स्कॉट्समन पहिल्या फुटातच आडवं होईल. म्हणून मॉडेलची चाकं जाड, फ्लँज (चाकाला रुळावर धरून ठेवणारी कड) मोठे आणि आजूबाजूला हलायला मोकळी जागा लागते. तेवढी जाड चाकं १८.८३ वर बसवली तर सिलिंडर आणि बाहेरचे सगळे रॉड आणखी बाहेर सरकवावे लागतात आणि इंजिन फुगलेलं दिसतं. म्हणजे अरुंद रूळ एक दोष झाकून दुसरा दाखवतो. हॉर्नबीच्या अलीकडच्या ए थ्रीमध्ये (स्कॉट्समनचाच क्लास) तर कॅबखालचं मागचं चाक बिनफ्लँजचं येतं, ते रुळाच्या किंचित वर तरंगत असतं, आणि फ्लँजवालं चाक बॉक्समध्ये वेगळं देतात, शोकेसमध्ये ठेवणाऱ्यांसाठी. मला तरी हा प्रामाणिकपणा आवडतो.

ज्यांना हे अजिबात पटलं नाही त्यांनी १८.२ मिमीचं ईएम आणि साठच्या दशकात अचूक १८.८३ चं प्रोटोफोर काढलं, पण त्यात चाकं बदलायची, ट्रॅक हाताने बांधायचा, नोकरी सांभाळून करायचं काम नव्हे ते.

बरं, रूळ सोडला तरी 'हुबेहूब' म्हणजे कुठल्या वर्षाचं स्कॉट्समन हा प्रश्न उरतोच. १९२३ ला डॉनकास्टरमधून बाहेर पडलं तेव्हा ते ए वन क्लासचं होतं, नंबर १४७२, वेम्बलीच्या १९२४ च्या प्रदर्शनासाठी ४४७२ झालं. १ मे १९२८ ला लंडन ते एडिंबरा न थांबता धावलं, आणि ते जमलं कारण टेंडरमधून (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातून) ५ फूट उंच, १८ इंच रुंद बोळ काढला होता, ड्रायव्हर-फायरमनची दुसरी जोडी चालत्या गाडीत तिथून इंजिनावर यायची. मॉडेलमध्ये हा बोळ २० मिमी उंच आणि फक्त ६ मिमी रुंद होतो. १९४७ ला ए थ्री झालं, बॉयलरचा घुमट बदलला, नंतर डबल धुराडं आलं, त्याचा धूर वर न जाता ड्रायव्हरच्या डोळ्यापुढे यायला लागला म्हणून १९६१ मध्ये दोन्ही बाजूंना पत्रे लावले. १९६३ मध्ये रिटायर झाल्यावर ॲलन पेगलरने विकत घेऊन ते परत जुन्या हिरव्या रंगात ४४७२ केलं, पण बॉयलर ए थ्रीचाच. आज यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमच्या मालकीचं आहे, ६०१०३ नंबरात. त्यामुळे सफरचंदी हिरवं, ४४७२ आणि धुराचे पत्रे असं सगळं एकत्र दिसलं की जाणकार लगेच वर्ष विचारतात.

आपल्याकडची गोष्ट आणखी गमतीची. १८५३ च्या मुंबई-ठाणे गाडीची इंजिनं लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीची, पण आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे ४ मिमीच्या स्केलला २२. तिथे १६.५ चा ट्रॅक वापरला तर तब्बल साडेपाच मिमी कमी पडतो, ब्रिटिश लोक तर सव्वादोन मिमीवरच भांडतात.

२०२२ मध्ये पेको ही ट्रॅकवाली कंपनी आणि हॉर्नबी दोघांनी टीटी १:१२० हे आणखी लहान माप आणलं, १२ मिमीचा ट्रॅक, हिशोब केला तर ११.९६, म्हणजे इथे ब्रिटिश इंजिन आणि रूळ शेवटी एकाच मापाचे. पण ओओवाल्यांच्या कपाटात आजोबांपासूनचे डबे पडलेत, ते यावर चालत नाहीत, म्हणून हॉर्नबीचा मुख्य कॅटलॉग अजून ओओचाच आहे.