कागदावरची बटणं संगणक कशी मोजतो?

‘एआयला आता दिसू लागलं’ छापाचे मथळे वाचून वाटतं, संगणकाला पाहायला शिकवायचं तर लाखो फोटो आणि महागडं जीपीयू (ढीगभर आकडेमोड एकदम करणारी चिप) हवंच. पांढऱ्या कागदावरची काळी बटणं मोजायला यातलं काहीच लागत नाही. वेबकॅम, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि ओपनसीव्ही हा चित्रांवर काम करणाऱ्या तयार फंक्शनांचा संच, एवढं पुरे.

कॅमेरा कागदाच्या बरोबर वर बसवा आणि त्याचं ऑटो एक्स्पोजर (उजेड आपोआप कमीजास्त करणं) बंद करा, नाहीतर हात मध्ये आला की अख्खं चित्र उजळतं. ६४० × ४८० च्या चित्रात ३,०७,२०० पिक्सेल असतात. चित्र करडं केलं की प्रत्येकाचा ० (काळा) ते २५५ (पांढरा) असा एकच आकडा उरतो. त्यावर ५ × ५ चा गॉसियन ब्लर फिरवला, म्हणजे प्रत्येक पिक्सेल आजूबाजूच्या ५ × ५ पिक्सेलमध्ये थोडा मिसळला, की बारीक खरखर जाते.

आता बटण कुठलं आणि कागद कुठला? ज्या आकड्याखालचे पिक्सेल बटणाचे मानायचे, ती सीमारेषा १०० वर मारायची की १५०वर? याचं सुरेख उत्तर जपानी संशोधक नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये दिलं: सगळ्या सीमा तपासून पाहा. प्रत्येक सीमेला पिक्सेलचे दोन गट पडतात. दोन्ही गटांचे एकूण पिक्सेलमधले हिस्से आणि त्यांच्या सरासरींतल्या फरकाचा वर्ग यांचा गुणाकार करा. तो सर्वांत मोठा येईल ती सीमा खरी. समजा, १० टक्के पिक्सेल ६० च्या आसपास आहेत, उरलेले निम्मे १९५ आणि निम्मे २०५ वर. सीमा १०० वर घेतली तर ०.१ × ०.९ × १४०² = १७६४. तीच २०० वर घेतली, तर कागदच दुभंगतो आणि गुणाकार जेमतेम २९५ भरतो.

गंमत म्हणजे कागद कोरा असला तरी ओत्सूची रीत दोन गट पाडतेच! मग सावलीचीही ‘बटणं’ होतात. म्हणून दोन सरासरींतला फरक ३० पेक्षा कमी आला, तर सरळ शून्य सांगावं.

आता मोजणी. गडद गटातल्या एकमेकांना लागून असलेल्या पिक्सेलचा एक ठिपका, म्हणजे एक बटण. ठिपके मोजणारं ओपनसीव्हीचं फंक्शन पार्श्वभूमीलाही एक क्रमांक देतं, तेव्हा उत्तरातून १ वजा करा. चिकटलेली बटणं मात्र एकच ठिपका होतात. त्यासाठी आधी बटणांची भोकं बुजवायची, मग ठिपक्यातल्या प्रत्येक पिक्सेलचं कागदापासूनचं अंतर काढायचं आणि कमाल अंतराच्या ०.६ पटीहून कमी असलेले पिक्सेल पुसायचे. जोड तुटतो, मधले गाभे उरतात. बटणं लहानमोठी असतील तर लहानांचे गाभेही पुसले जातात. तिथे प्रत्येक ठिपक्याचं कमाल अंतर वेगळं घ्यावं लागतं.