डासाचं आयुष्य आणि अमेरिकेच्या तेरा वसाहती

अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींबद्दल एक समज गाईडांमधून अजून फिरतो: उत्तरेकडचे लोक कष्टाळू, म्हणून तिथे शाळा आणि व्यापार, दक्षिणेकडचे ऐषारामी, म्हणून तिथे मळे आणि गुलाम. दोन्हीकडची गोरी माणसं बहुतेक इंग्लंडमधूनच आलेली. स्वभावाचं कारण मला कधीच पटलं नाही. फरक समजून घ्यायला माती आणि हवा बघावी लागते.

मातीचं लवकर उरकतं. हिमयुगात बर्फाचा थर उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडवरून सरकत केप कॉड या किनाऱ्यावरच्या भूशिरापर्यंत आला आणि मागे दगडगोटे सोडून गेला. तिथे जेमतेम घरापुरती शेती व्हायची, म्हणून लोक मासेमारी, जहाजबांधणी आणि व्यापाराकडे वळले. दक्षिणेत व्हर्जिनियात तंबाखू आणि कॅरोलायनात भात भरघोस पिकला. दोन्ही निर्यातीची पिकं, दोन्हींना माणसं पुष्कळ लागायची.

खरी गोष्ट हवेची, म्हणजे हिवतापाची आहे. त्याचे दोन परजीवी अमेरिकेत पोचले: इंग्लंडच्या दलदलीतून व्हायवॅक्स आणि आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर जास्त घातक फाल्सिपेरम. डासाने रक्त प्यायल्यावर परजीवी लगेच पुढच्या माणसात जात नाही. आधी त्याला डासाच्या पोटात वाढावं लागतं, आणि ही वाढ तापमानावर चालते. ढोबळ हिशेब असा: फाल्सिपेरमला १६ अंशांच्या वर १११ 'अंश-दिवस' लागतात. हवा २८ अंश असेल तर रोज १२ अंश जमा होतात, म्हणजे नऊ-दहा दिवसांत काम होतं. २० अंशांना रोज फक्त ४ जमतात, म्हणजे सुमारे २८ दिवस. इतके दिवस फार थोडे डास जगतात. परजीवी तयार होण्याआधीच डास मरतो आणि साखळी तुटते. व्हायवॅक्सचा हिशेब १४.५ अंशांपासून सुरू होतो, त्यामुळे तो थंडीतही तग धरतो. म्हणून फाल्सिपेरमचा पट्टा ढोबळमानाने मेरीलँडच्या आसपास संपतो. उत्तर आणि दक्षिणेची सीमा मानली जाणारी मेसन-डिक्सन रेषाही तिथलीच, पण ती १७६३ ते १७६७ मध्ये आखली गेली ती दोन घराण्यांचा हद्दीचा वाद मिटवायला.

परिणाम आयुर्मानात दिसतो. मॅसॅच्युसेट्सच्या अँडोव्हर गावात पहिल्या पिढीतले पुरुष सरासरी सत्तरी गाठत होते. त्याच शतकात व्हर्जिनिया-मेरीलँडमधल्या चेसापीक खाडीच्या काठी विशी ओलांडलेला पुरुष पंचेचाळिशीच्या आसपास जात असे. आईबाप लवकर गेल्याने पोरकी मुलं सावत्र घरांत वाढत. उत्तरेत आजी-आजोबा असलेली कुटुंबं दाटीने गावांत राहिली, आणि मॅसॅच्युसेट्सच्या १६४७ च्या कायद्याने पन्नास घरांच्या गावाला शिक्षक नेमणं सक्तीचं झालं.

मजुरांचंही तसंच. चार ते सात वर्षांच्या करारावर आलेले इंग्रज मजूर दक्षिणेत अनेकदा पहिल्याच उन्हाळ्यात तापाने दगावत. पश्चिम आफ्रिकेतल्या जवळजवळ सगळ्यांच्या लाल पेशींवर मात्र डफी नावाचं प्रथिन नसतं. व्हायवॅक्स बहुतेक वेळा त्याच प्रथिनाला धरून पेशीत शिरतो. जनुक शाबूत असतं, फक्त ते चालू करणाऱ्या भागात एका अक्षराचा बदल असतो. त्यामुळे गाटा-१ नावाचा घटक तिथे बसत नाही आणि लाल पेशींत ते प्रथिन बनतच नाही. इतर पेशींत बनत राहतं. फाल्सिपेरमविरुद्ध काहींना सिकलसेल या रक्तविकाराच्या जनुकाच्या एका प्रतीचा आधार होता. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी समाजात तो बदल टिकून राहिला तोही हिवतापामुळेच.

आफ्रिकी गुलाम तापात जास्त टिकतात हे बघून मळेवाले त्यांच्याकडे वळले आणि वर एक खोटं विज्ञान रचलं: आफ्रिकी माणूस उन्हात राबण्यासाठीच घडलाय. रक्तातलं एक प्रथिन नसणं म्हणजे राबण्याची देणगी नव्हे. सिकलसेलचा आधारही थोड्यांनाच होता. भाताच्या खाचरांजवळ गुलामांची मुलं हिवतापानेही मोठ्या संख्येने मेली, तर मालक उन्हाळाभर चार्ल्सटन शहरात किंवा थेट उत्तरेतल्या न्यूपोर्टला जाऊन राहत. आणि डासावर सगळं ढकलणाऱ्यांनी हेही बघावं की गुलामगिरीला कायद्याचा आधार १६४१ मध्ये थंड हवेच्या मॅसॅच्युसेट्सने दिला, तर आई गुलाम असेल तर मूलही गुलाम, हा नियम १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या विधानसभेने केला.