गोंडस चित्र वेगळं, खेळकर चित्र वेगळं

रंगीबेरंगी चित्र समोर आलं आणि त्यात गोल डोक्याचा एखादा प्राणी असला, की आपल्या तोंडून हटकून एकच शब्द निघतो: ‘क्यूट!’ मीही कित्येक वर्षं हेच करत आलो. मग कधीतरी लक्षात आलं, की ज्या चित्रांना मी हे विशेषण चिकटवतो त्यातली निम्मी मला दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत. उरलेली मात्र डोक्यातून जाता जात नाहीत. म्हणजे एकाच शब्दाखाली मी दोन वेगळ्या जातीची चित्रं कोंबत होतो. एक गोंडस, दुसरी खेळकर. दोन्ही रंगीत, दोन्ही साधी, दोन्ही बघून ओठांवर हसू येतं, म्हणून गल्लत होते.

आधी एक खेळकर चित्र जवळून बघू. क्रिस्टोफ नीमन हा 1970 साली जन्मलेला जर्मन चित्रकार. घरातली एखादी वस्तू कागदावर ठेवायची आणि तिच्याभोवती चार रेघा मारून तिला भलतंच काही करून टाकायचं, हा त्याचा आवडता उद्योग. त्यातलं एक चित्र दोन केळ्यांचं आहे. पिकलेली, एकमेकांना चिकटलेली, खरीखुरी केळी. पुढे ब्रशने काढलेला घोडा: मान, आयाळ, पुढचे पाय. मागचा भाग काढलेलाच नाही, तिथे ही केळी आहेत. केळ्यांचा बाक हाच घोड्याच्या पुठ्ठ्याचा आणि मांड्यांचा बाक.

या घोड्याला मोठे डोळे नाहीत, गालावर लाली नाही, तो आपल्याकडे बघून हसतही नाही. त्याच्यात गोंडस म्हणावं असं काहीच नाही. तरी चित्र बघताना एक क्षण असा येतो की डोळा अडखळतो (ही केळी इथे काय करताहेत?) आणि पुढच्याच क्षणी घोडा उभा राहतो. तो घोडा कागदावर अर्धाच आहे, उरलेला आपण केला. चित्र बघून होणाऱ्या आनंदात आपली मजुरीही मिसळलेली असते. आणि एकदा दिसल्यावर तो जात नाही, पुढे कितीतरी दिवस केळ्यांचा घड बघितला की आधी घोडाच दिसतो.

आता गोंडस. गोंडसपणाची रेसिपी बरीच आधी लिहून झालेली आहे. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यासक कोनराड लॉरेन्झ याने 1943 मध्ये ती मांडली: अंगाच्या मानाने मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, चेहऱ्यात खाली बसवलेले मोठाले डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय. हे सगळं माणसाच्या तान्ह्या बाळात असतं आणि ते दिसलं की मोठ्या माणसाला माया दाटून येते. बाळ नसून ससा, मोटार किंवा हसरा ढग असला तरी चालतं. ऑक्सफर्डच्या एका गटाने 2008 मध्ये दाखवलं की तान्ह्या बाळाचा चेहरा दिसल्यावर मेंदूतला विशिष्ट भाग सेकंदाच्या साधारण सातव्या हिश्श्यात जागा होतो. एवढ्या वेळात विचार काय करणार? तो यायच्या आधीच ‘अय्या’ निघून गेलेलं असतं.

लॉरेन्झचा सहकारी निको टिनबर्गन (1973 च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता) याने समुद्रपक्ष्यांच्या पिल्लांवर एक मजेशीर प्रयोग केला. कुरव पक्ष्याच्या चोचीवर लाल ठिपका असतो, पिल्लू त्यावर टोचा मारतं आणि आई घास काढून देते. टिनबर्गनने पिल्लांपुढे आईचं हुबेहूब डोकं ठेवण्याऐवजी नुसती बारीक लाल काठी धरली, तिच्यावर तीन पांढरे पट्टे. पिल्लं खऱ्यासारख्या डोक्यापेक्षा या काठीवर जास्त तुटून पडली! गोंडस चित्राचं काम या काठीसारखं चालतं. जगातल्या कुठल्याच बाळाचे डोळे एवढे मोठे नसतात, पण आपण टोचा मारतोच.

हे वाचून कुणाला वाटेल की मी गोंडस चित्रांवर दात धरून आहे. तसं नाही. जपानमध्ये 2012 साली झालेल्या एका अभ्यासात, कुत्र्यामांजरांच्या पिल्लांचे फोटो पाहिल्यावर विद्यार्थ्यांचा हात बारीक कामात जास्त जपून चालला होता. मायेने लक्ष एकवटतं, हे काही कमी नाही. शिवाय चांगलं गोंडस चित्र काढणं सोपंही नसतं. मुद्दा एवढाच, की गोंडस चित्र आपल्याला काहीतरी देऊन मोकळं होतं आणि खेळकर चित्र आपल्याला कामाला लावतं.

या दोहोंतला फरक एकाच पात्रात बघायचा तर मिकी माउस. 1928 साली पडद्यावर आला तेव्हा हा उंदीर चांगलाच वांड होता. मांजराची शेपटी ओढून आवाज काढ, गाईचे दात जलतरंगासारखे वाजव, असले धंदे. प्राण्याचं वाद्य करायचं, म्हणजे एका वस्तूची दुसरी करायची, हा त्याचा खेळ होता, आणि त्यात थोडी क्रूर गंमतही होती. पुढे तो लाडका झाला, सभ्य झाला. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्डने 1979 मध्ये चक्क मापं घेऊन दाखवलं की वर्षं गेली तसा मिकी वयाने लहान होत गेला. त्याचा डोळा आधी डोक्याच्या लांबीच्या 27 टक्के होता, तो 42 टक्क्यांवर गेला. डोकं वाढलं, पाय जाड आणि आखूड झाले. खोड्या कमी होत गेल्या आणि गाल वाढत गेले.

हाच प्रवास आजही चित्रकारांच्या टेबलावर रोज घडतो. माझ्या ओळखीतल्या एका चित्रकाराला काम आलं, त्यात लिहिलं होतं ‘चित्र प्लेफुल हवं’. त्याने पावसातला हत्ती काढला. छत्रीची मूठ म्हणजेच त्या हत्तीची वर वळलेली सोंड, म्हणजे हत्ती आणि छत्री कुठे वेगळे होतात ते शोधावं लागे. तीन वेळा दुरुस्त्या आल्या. शेवटी जे छापलं गेलं त्यात छत्री छत्रीसारखी होती आणि तिच्याखाली गुलाबी गालांचा, टपोऱ्या डोळ्यांचा हत्ती शहाण्यासारखा उभा होता. गिऱ्हाईक खूश. ‘प्लेफुल’ या शब्दाचा अर्थ त्याच्या लेखी पहिल्यापासून हाच होता.

रंगाच्या बाबतीत तर दोन्ही जातींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि इथेच ग्यानबाची मेख आहे. गोंडस चित्रात रंग वातावरण तयार करतात. फिका गुलाबी, लोण्यासारखा पिवळा, पुदिन्यासारखा हिरवा, सगळं मऊ, कुठे टोचत नाही. रंग बदलले तरी चित्र साधारण तेच राहतं. खेळकर चित्रात मात्र रंगावर काहीतरी कामगिरी सोपवलेली असते, तो काढून घेतला तर चित्रच कोसळतं.

मलिका फाव्र या फ्रेंच चित्रकर्तीची चित्रं बघा. सपाट, कडक, भरगच्च रंग, बाह्यरेषा जवळपास नाहीच. तिची एक युक्ती अशी की अंगावरचा कपडा आणि मागची भिंत एकाच रंगात भरायची. तांत्रिकदृष्ट्या तिथे कडच उरत नाही, लाल संपून लाल सुरू होतो. तरी आपल्याला खांदा दिसतो, कंबर दिसते. इटालियन मानसशास्त्रज्ञ गाएतानो कानिझाने 1955 मध्ये असाच एक त्रिकोण दाखवला होता: कागदावर नुसत्या चिरा पाडलेल्या तीन काळ्या चकत्या आणि तीन कोन, पण मधोमध पांढरा त्रिकोण स्वच्छ दिसतो. न काढलेली रेघ डोळा स्वतः ओढतो. फाव्रच्या चित्रातला खांदा असा आपण ओढलेला असतो, आणि म्हणूनच तो काढलेल्या खांद्यापेक्षा जास्त जिवंत वाटतो.

तिचा खेळ केवळ रंगापुरता नाही. 2017 च्या एप्रिलमध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचं एक चित्र आलं. शस्त्रक्रियेच्या वेषातल्या, मास्क लावलेल्या चार जणी वरून खाली बघताहेत. बस, एवढंच. पण त्या कुणाकडे बघताहेत? तर आपल्याकडे, म्हणजे टेबलावर आपण झोपलो आहोत. अंक हातात धरणाऱ्याला नकळत रुग्ण करून टाकलं. त्यानंतर जगभरच्या स्त्री-सर्जननी स्वतः तसंच वर्तुळ करून, खाली कॅमेरा ठेवून फोटो काढले आणि टाकले. चित्राने मांडलेला खेळ त्यांनी पुढे चालू ठेवला. गोंडस मुखपृष्ठाला लाइक्स भरपूर मिळाले असते, पण डाव पुढे खेळावा असं त्यात काय असणार?

रंग कमी असले की खेळ रंगतो, असाही माझा अनुभव आहे. फ्रेंच चित्रकार ब्लेक्सबोलेक्स मोजक्याच सुट्या शाया घेतो आणि त्या एकमेकींवर छापतो. दोन रंग जिथे चढतात तिथे तिसरा तयार होतो, आणि हा तिसरा रंग कुठे सावली होतो, कुठे झाडाचं खोड, तर कुठे एखाद्याचा कोट. छापखान्याची अडचण हाच खेळाचा नियम. नियम नसेल तर खेळ कसला? लगोरीतसुद्धा रेघ आखावी लागते. लाखो छटा एका बोटावर देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जमान्यात कित्येक चित्रकार मुद्दाम तीन-चार रंगांवर अडून बसतात, ते यासाठीच.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा: खेळकर म्हणजे आनंदी. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसमध्ये हल्ले झाले त्या रात्री जाँ जुलियाँ या चित्रकाराने काळ्या शाईत ब्रशने एक चिन्ह काढलं. जेराल्ड होल्टमने 1958 मध्ये अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी तयार केलेलं शांततेचं चिन्ह आपल्या सगळ्यांना माहीत आहे: वर्तुळ, मधोमध उभी रेघ, खाली दोन फाटे. जुलियाँने आतल्या रेघांचा आयफेल टॉवर केला, आडवी दांडी टाकून. वर्तुळ तेच, फाटे तेच, फक्त ते आता मनोऱ्याचे पाय झाले. सकाळपर्यंत ते जगभर पोचलं. एरवी हा माणूस मोबाइलला चिकटलेल्या लोकांची थट्टा करणारी, ठसठशीत रंगांची चित्रं काढतो. त्या रात्री रंग नव्हता, हसू नव्हतं, पण हात त्याच खेळाचा होता: एका आकारात दुसरा आकार शोधायचा. गोंडसपणाला हे जमत नाही, दुःखाच्या जागी तो एकदम अप्पलपोटा वाटायला लागतो.

आपल्यासमोरचं चित्र कुठल्या जातीचं आहे हे कळायला मी एक साधी गोष्ट करतो: चेहऱ्यावर बोट ठेवतो. डोळे-तोंड झाकल्यावर चित्रात बघण्यासारखं काही उरत नसेल तर ते गोंडस. नीमनच्या घोड्याचं तोंड झाकलं तरी केळी आपलं काम करत राहतात. कधी फोनवर कुणाला चित्र तोंडी सांगून बघतो. ‘एक छान ससा आहे’ याच्यापुढे गाडी गेली नाही तर समजून जावं.

अर्थात सगळीच चित्रं अशी सरळ रांगेत उभी राहत नाहीत. हॅलो किटी हे जपानी कार्टून-पात्र घ्या. 1974 साली ती युको शिमिझूने रेखाटली. (न्यूयॉर्कमध्ये याच नावाची दुसरी चित्रकर्ती आहे, तिची चित्रं शाईच्या जोरकस रेषांची आणि बऱ्याचदा अंगावर येणारी. दोघींत गल्लत करू नका.) किटीला तोंडच नाही. आपण उदास असलो तर ती उदास दिसते, खुशीत असलो तर खुशीत. म्हणजे इथेही बघणारा काहीतरी भरतोच की! खरं आहे, पण तो आपलीच मनःस्थिती तिच्यात ओततो आणि तीच परत घेतो. नवं काही सापडत नाही. मी तिला गोंडसमध्येच ठेवतो, वाद घालायचा तर घाला.

डच चित्रकार डिक ब्रुनाचा ससा, म्हणजे 1955 सालची मिफी, मात्र मला कुंपणावर बसलेला दिसतो. डोकं मोठं, अंग गोल, लॉरेन्झची रेसिपी बरोबर. पण ब्रुनाने स्वतःला घालून घेतलेल्या अटी बघा: मोजके ठरलेले रंग, ब्रशने सावकाश ओढलेली, किंचित थरथरणारी काळी रेघ, आणि मिफीचा चेहरा कायम समोर. दोन ठिपके आणि एक फुली एवढ्यावर दुःख दाखवायचं म्हणजे काय करायचं? एक अश्रू, बाकी सगळं जसंच्या तसं. तो एक अश्रू बघून पोटात जे हलतं ते नुसत्या गोंडसपणाने हलत नाही.

आणि योशितोमो नारा तर गोंडसपणाचाच डाव मांडतो. 1959 साली जन्मलेला हा जपानी चित्रकार भल्या मोठ्या डोक्याची, टपोऱ्या डोळ्यांची लहान मुलं काढतो. पण त्या डोळ्यांत राग असतो. त्याच्या एका मोठ्या चित्रात लाल फ्रॉकमधली मुलगी आपल्याकडे रोखून बघते आहे, 2019 मध्ये हाँगकाँगच्या लिलावात त्याला सुमारे अडीच कोटी डॉलर मिळाले. पार्श्वभूमी साधी, मुलगी एकटी, हातात काही नाही. निदान दिसणाऱ्या हातात तरी नाही. दुसरा हात पाठीमागे आहे. चित्राचं नाव आहे ‘नाइफ बिहाइंड बॅक’, पाठीमागे सुरी. सुरी काढलेली नाही, कॅनव्हासवर कुठेच नाही. नाव वाचायच्या आधी ती होती फक्त एक रुसलेली, गोबरी मुलगी. आता नजर पुन्हा पुन्हा त्या न दिसणाऱ्या हाताकडे जाते.