चिठ्ठीवरचं ‘टेस्टेड’ म्हणजे नेमकं काय?

आमच्याकडच्या, गाड्यांतून काढलेल्या प्रत्येक जुन्या इलेक्ट्रिकल पार्टला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर ‘टेस्टेड’ दिसलं की गिऱ्हाईक खूश होतं आणि चिठ्ठी तिथंच फाडून टाकतं. कृपया फाडू नका, वाचा. पार्ट ज्या गाडीतून निघाला ती गाडी केव्हाच भंगारात गेली. आमच्याकडं आहे ते टेबल, व्हाइस, 12 व्होल्टची चांगली बॅटरी, मीटर आणि हेडलाइटचे दिवे. एवढ्यावर जे कळलं ते आकड्यांत लिहिलेलं असतं. जे कळलं नाही तेही लिहिलेलं असतं.

रिले ‘टक्’ वाजला म्हणजे चांगला नव्हे

बाजारात रिले (लहान करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) कानानं तपासतात. 85 आणि 86 नंबरच्या पिनांना करंट दिला, टक् वाजलं, घ्या. त्या आवाजावरून एवढंच कळतं की आतली कॉइल शाबूत आहे. दिव्याचा मोठा करंट जातो 30 च्या पिनवरून 87 ला, आणि त्यांच्यामधले पॉइंट जळून काळे पडले असले तरी टक् वाजतंच. मीटरही इथं फसवतो. लोड नसताना जळक्या पॉइंटमधूनसुद्धा तो 12 व्होल्ट दाखवतो. म्हणून आम्ही 55 वॅटचे दोन दिवे लावतो, म्हणजे साधारण 9 अँपिअर, आणि दिवे पेटलेले असताना 30 आणि 87 च्या मध्ये मीटर धरतो. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर रिले डब्यात. काही रिलेंच्या आत डायोड असतो, त्यांना कॉइलचा प्लस-मायनस उलटा दिला तर डायोड जळतो. घरी करून बघणार असाल तर रिलेच्या अंगावरची आकृती आधी बघा.

सेल्फ

सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, व्हाइसमध्ये घट्ट आवळल्याशिवाय कधीही फिरवू नका. झटक्यानं उडी मारतो, पायावर पडतो. बॅटरीचा मायनस बॉडीला, जाड केबलनं प्लस 30 च्या बोल्टला, आणि 50 च्या पिनला प्लसचा नुसता स्पर्श. पिनियन (पुढचं दातेरी चाक) पुढं आलं पाहिजे आणि फिरलं पाहिजे. इथवर सगळेच करतात. आम्ही केबलवर क्लॅम्प मीटर लावतो. लहान गाडीचा सेल्फ रिकामा फिरताना साधारण 50 ते 80 अँपिअर घेतो. करंट जास्त आणि फिरणं सुस्त, तर बहुतेक बुश झिजलेत आणि आर्मेचर (आतला फिरणारा भाग) घासतंय. करंटही कमी आणि फिरणंही सुस्त, तर कार्बन संपत आलेत किंवा ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर खराब आहे. पण रिकामा सेल्फ जोरात फिरला म्हणून थंडीतल्या सकाळी तो इंजिन ओढेलच असं टेबल सांगू शकत नाही. चिठ्ठीवर ‘विनालोड’ लिहितो ते याचसाठी.

अल्टरनेटर

इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो हा. उद्यमनगरातले जुने फिटर अजून याला डायनामोच म्हणतात, म्हणू देत. आम्ही तो 2 हॉर्सपॉवरच्या मोटरला बेल्टनं जोडतो. एल पिनमध्ये चार्जिंगचा दिवा लावावाच लागतो. तो नसेल तर चांगला अल्टरनेटरही बऱ्याचदा चार्ज करत नाही आणि उगाच बाद ठरतो. व्होल्टेज 13.8 ते 14.5 मध्ये स्थिर राहिलं पाहिजे. पूर्ण लोड मात्र आम्ही देऊ शकत नाही: 14 व्होल्टला 70 अँपिअर म्हणजे जवळजवळ 1 किलोवॅट, त्यात उष्णतेत वाया जाणारं धरलं तर आमची मोटर दमते. त्यामुळं 40 अँपिअरपर्यंतच तपासतो आणि तसंच लिहितो. नव्या गाड्यांत चार्जिंगवर ईसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) ताबा असतो, तो भाग गाडीतच कळेल.

वायपर मोटर दोन्ही स्पीडला फिरवून शेवटी पार्किंगला थांबते का ते पाहतो, कारण तक्रार नेहमी तिथलीच असते. पॉवर विंडोची मोटर प्लस-मायनस उलटसुलट करून. कूलंटचा टेंपरेचर सेन्सर गरम पाण्यात, चहाच्या जुन्या पातेल्यात. बहुतेक सेन्सर 20 अंशांला 2 ते 3 किलोओहम दाखवतात आणि 80 ला तीनेकशे ओहमवर येतात. मध्येच आकडा उडाला तर सेन्सर बाद.

पुरातले पार्ट

2019 आणि 2021 च्या महापुरानंतर आम्ही प्रत्येक कपलर (वायरी जोडायचा सॉकेट) उघडून बघतो. पाण्यात गेलेला पार्ट टेबलावर झकास चालतो आणि चार महिन्यांनी गाडीत मरतो. पिनांवर हिरवट गंज किंवा आत गाळाची रेघ दिसली तर तो पार्ट चालू असला तरी आम्ही विकत नाही.

जे आम्ही तपासत नाही

ईसीएमला इमोबिलायझरमुळं (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेमुळं) आपली चावी ओळखावी लागते. टेबलावर तो जिवंत आहे एवढंच सांगता येईल, म्हणून त्याच्या चिठ्ठीवर सरळ ‘न तपासलेला’ असतं. एअरबॅग आणि सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा झटक्यात आवळणारे) आम्ही ठेवतच नाही. आत बारूद असते, आणि साध्या मीटरनं ओहम मोजायला गेलात तरी ती उडू शकते. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या केबलींचं काहीही विचारू नका.

येताना, आणि बसवण्याआधी

जुना पार्ट बरोबर आणा. फोनवरचा फोटो पुरत नाही, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन मोटरींचे कपलर वेगळे निघतात. पार्ट नंबर पुसला असेल तर बोल्टांमधलं अंतर आणि पिनियनचे दात मोजतो.

परत येणारे बरेच सेल्फ आमच्या टेबलावर पुन्हा नीट फिरतात. दोष अर्थचा असतो. म्हणून आधी बॅटरी 12.4 व्होल्टच्या वर आहे का बघा. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकला धरून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर आधी अर्थची पट्टी घासा किंवा बदला.

तरीही नाही चालला तर 15 दिवसांत पार्ट घेऊन या, न उघडता, चिठ्ठीसकट. तुमच्यासमोर परत टेबलावर लावू आणि नवा आकडा जुन्या आकड्याशेजारी लिहू. फरक पडला असेल तर पैसे परत.