लहान जुन्या ट्रॅक्टरसाठी नांगराची निवड

साधारण १९३९ ते १९६० या काळात बनलेल्या, १० ते ३० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला किती फाळांचा, किती रुंद आणि कोणत्या घडणीचा नांगर जोडावा हे ठरवण्याची रीत. अशा वेळी बहुतेकांचे लक्ष आधी अश्वशक्तीकडे जाते. प्रत्यक्षात हे ट्रॅक्टर नांगरटीत अडतात ते बहुधा चाकांची पकड सुटल्यामुळे. इंजिनात जोर शिल्लकच असतो.

नांगराला लागणारी ओढ तासाच्या, म्हणजे नांगराने पडणाऱ्या चराच्या, काटछेदावर आणि जमिनीच्या जातीवर ठरते. रेताड जमिनीत दर चौ. सेंमी.ला सुमारे ०.२ ते ०.३ किग्रॅ., मध्यम जमिनीत ०.५च्या आसपास, तर भारी चिकण जमिनीत ०.८ किग्रॅ. किंवा त्याहून जास्त ओढ लागते. १२ इंची, म्हणजे ३० सेंमी. रुंद फाळ १५ सेंमी. खोल चालवला तर काटछेद ४५० चौ. सेंमी. भरतो. मध्यम जमिनीत दुफाळी नांगराची ओढ अशी ४५० किग्रॅ. होते. ताशी ४.५ किमी. वेगाने चालायला ७.५ अश्वशक्तीची ओढ पुरते आणि २० अश्वशक्तीचे इंजिन ती सहज देते. तोच नांगर भारी जमिनीत घातला की ओढ ७२० किग्रॅ.वर जाते. ११०० किग्रॅ.च्या आसपास वजन असलेल्या ट्रॅक्टरला मातीवर आपल्या निम्म्या वजनाइतकी ओढ देतानाच दम लागतो. चाके जागीच फिरू लागतात आणि तासात खड्डे पडतात. तिथे एकफाळी नांगरच योग्य. चाकांची घसरण १० ते १५ टक्क्यांत राहिली तर जोडी जमली असे समजावे.

१९३९ साली आलेला फोर्ड ९एन मुळात १४ इंची दुफाळी नांगरासाठी ओळखला जाई, तर १९४७चा फार्मऑल कब १२ इंची एकफाळी नांगराचा. ९एनची खरी ताकद संशोधक हॅरी फर्ग्युसन यांच्या तीन बिंदूंच्या जोडणीत होती. तीत नांगर ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांना बसतो. ओढ वाढली की टॉप लिंकवर, म्हणजे वरच्या दांड्यावर, दाब येतो, हायड्रॉलिक नांगर किंचित उचलते आणि नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो. म्हणून याच वजनाच्या, पण मागून नुसता नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरसाठी फाळ एक माप लहान घ्यावा. ओढायचा नांगर ठरलेल्या ड्रॉबारलाच, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ओढदांड्यालाच, जोडावा. त्याहून उंच जोडल्यास ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या जिवावर बेततो.

खोली फाळाच्या रुंदीच्या निम्म्याइतकी ठेवावी. त्याहून खोल गेले तर मातीचा पट्टा नीट पालथा पडत नाही, उभाच राहतो. तासात चालणाऱ्या चाकाची आतली कडा आणि पहिल्या फाळाचा काप यांचा मेळही बसला पाहिजे. चाकांचे अंतर जास्त असेल तर पहिला फाळ रुंद काप घेतो, नांगर तिरका ओढला जातो आणि चालकाला सतत स्टिअरिंग धरून ठेवावे लागते. अशा वेळी नांगर बदलण्याआधी चाकांचे अंतर बदलून पाहावे.

प्रकारांत वळणदार पात्याने माती एकाच बाजूला पालथी पाडणारा साधा नांगर या ट्रॅक्टरना सर्वांत मानवतो. गवताळ जमिनीला लांब, सौम्य वळणाचे पाते चांगले. ते पट्टा अखंड उलटवते. मोकळ्या रानात आखूड, खोलगट पाते माती जास्त फोडते, पण ओढही जास्त मागते. दोन्ही बाजूंनी पलटणाऱ्या नांगरात फाळांचा दुसरा संच वरच टांगलेला असतो, त्यामुळे उचलताना ट्रॅक्टरचे पुढचे टोक हलके होते. फाळांऐवजी फिरते गोल तवे असलेला तव्यांचा नांगर स्वतःच्या वजनाने मातीत शिरतो, म्हणून तो जडच असावा लागतो. लहान ट्रॅक्टरला एका-दोन तव्यांपलीकडे जाऊ नये.

जुना नांगर घेताना पात्याची झळाळी पाहावी. गंजलेल्या पात्याला चिकण माती धरून बसते आणि ओढ वाढते. फाळाचे टोक बोथट झाले असेल तर नांगर वाफशावरही मातीत शिरत नाही, आणि लोक दोष मात्र ट्रॅक्टरला देतात.